मुंबई हायकोर्ट आतून पाहायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडायला लागलं की समोर काळ्या दगडाची लांबच लांब इमारत उभी राहते. बरोबर बाहेरगावचा पाहुणा असेल तर त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "आत सोडतात का?" सोडतात. तुमची केस चालू नसली तरी, ओळखीचा वकील नसला तरी. ओळखपत्र दाखवायचं, पास घ्यायचा, तपासणी करून पुढे जायचं. तरीही सगळं आयुष्य मुंबईत काढलेली कितीतरी माणसं या इमारतीत कधी गेलेली नसतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं ना! पण ती म्हण भांडायला जाणाऱ्यांसाठी आहे. बघायला जाणाऱ्याने ही पायरी जरूर चढावी, आणि जमलं तर कामकाज चालू असतानाच चढावी. या लेखात माझा आग्रह एवढाच आहे. सुट्टीच्या दिवशी कमानी, जिने, लाकूडकाम सगळं दिसतं. पण हे सगळं कशासाठी बांधलंय, ते कोर्ट भरलेलं असतानाच कळतं.

आधी दिवस ठरवा

जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वारसा सहलीचा. राज्याच्या पर्यटन खात्याने हायकोर्टाच्या सहकार्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये शनिवार-रविवारची सहल सुरू केली. बरोबर माहिती सांगणारा माणूस असतो, कोर्ट बंद असल्यामुळे निवांत बघता येतं. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर हाच मार्ग बरा. सध्याच्या तारखा आणि नोंदणी पर्यटन महामंडळाकडे आधी विचारून घ्या.

दुसरा मार्ग सोमवार ते शुक्रवार, कामकाजाच्या दिवशी, स्वतःहून. मी कुणालाही आधी हाच सुचवतो. यासाठी दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे सुट्ट्या. उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात लागते आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत चालते. दिवाळी आणि नाताळातही कोर्टाला मोठी सुट्टी असते. तेव्हा फक्त तातडीच्या कामासाठी सुट्टीतली पीठं बसतात आणि निम्म्याहून जास्त दालनं बंद असतात. वर्षाचं कॅलेंडर हायकोर्टाच्या संकेतस्थळावर असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बोर्ड. कोर्टाच्या भाषेत बोर्ड म्हणजे त्या दिवशी कुठल्या न्यायमूर्तींपुढे कुठली प्रकरणं लागली आहेत त्याची यादी. कागदोपत्री तिला कॉज लिस्ट म्हणतात, पण कॉरिडॉरमध्ये तुमच्या कानावर पडेल ते "आपलं मॅटर बोर्डावर आहे का?" हेच. आदल्या संध्याकाळी संकेतस्थळावर ती यादी चाळा. नवख्याने जामीन अर्ज, फौजदारी रिट किंवा जनहित याचिका ऐकणारं एखादं कोर्ट निवडावं. प्रकरणं भराभर पुढे सरकतात आणि मुद्दा लगेच कळतो. 'फायनल हिअरिंग' असं लिहिलेलं प्रकरण पहिल्या भेटीत टाळा. त्यात एकाच कलमावर दोन दोन तास युक्तिवाद चालतो. फाइल हातात नसताना त्यातलं काही हाती लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर कामकाज साधारण साडेदहा-अकराला सुरू होतं, दीड-दोनच्या सुमाराला जेवणाची सुट्टी होते आणि मग संध्याकाळपर्यंत कोर्ट बसतं. तुम्ही दहाला गेटवर असा. पास, तपासणी आणि रस्ता शोधणं यात अर्धा तास सहज जातो.

आणि फार लांबणीवर टाकू नका. हायकोर्टासाठी वांद्रे पूर्वेला नवं संकुल उभं राहणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. काम तिकडे गेल्यावर या दालनांत काय असेल ते असो, रोजचा गजबजाट तर नसेल.

काय न्यायचं, काय घरी ठेवायचं

मूळ ओळखपत्र न्या; आधार, वाहन परवाना, मतदार कार्ड यांपैकी काहीही. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. पाण्याची बाटली, थोडे पैसे आणि एखादी छोटी वही-पेन. वही न्याच, कारण पुढे सांगतो त्याप्रमाणे फोटो काढता येणार नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं.

कॅमेरा, ड्रोन, ट्रायपॉड, चाकू-कात्री, लायटर, काडेपेटी, तंबाखू हे सगळं घरी ठेवा. मोठी सॅक नेलीत तर तपासणीत वेळ जातो.

कपडे साधे, नीटनेटके असावेत. हाफ पँट, चकचकीत घोषणांचे टी-शर्ट, टोपी, गॉगल नको. एक बारीकशी सूचना: पांढरा शर्ट आणि काळा कोट असा जोड घालून जाऊ नका. तो वकिलांचा वेश आहे. तुमच्या मनात काही नसलं तरी आत लोक तुम्हाला वकील समजून प्रश्न विचारतील, आणि वकील नसताना तसं भासवणं कोर्टाच्या आवारात चांगलं दिसत नाही.

पोचायचं कसं

पश्चिम रेल्वेने चर्चगेट, तिथून ओव्हल मैदानातून पायी दहा मिनिटं. मध्य रेल्वेने सीएसएमटी, तिथून हुतात्मा चौकाच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं. भूमिगत मेट्रोची ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. तिचं हुतात्मा चौक स्थानक सगळ्यात सोयीचं. गाडी आणू नका, लावायला जागा मिळत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीला चर्चगेटहूनच या. याचं कारण पुढच्या भागात आहे.

आत शिरण्याआधी मैदानात दहा मिनिटं थांबा

ओव्हलच्या मधल्या पायवाटेवर उभं राहून पूर्वेकडे बघा. डावीकडून उजवीकडे ओळीने सार्वजनिक बांधकाम खात्याची इमारत, हायकोर्ट, मग विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह, आणि त्यापलीकडे जुनं सचिवालय, जिथे आता शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरतं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात फोर्टची तटबंदी पाडली गेली. त्यातून जी जागा मोकळी झाली, तिच्यावर ही सगळी रांग उभी राहिली. तेव्हा पश्चिमेला आजच्यासारखी भराव घातलेली जमीन नव्हती. मैदान, रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र. म्हणून या इमारतींनी आपला दर्शनी चेहरा समुद्राकडे केला. आज तुम्ही जिथून बघताय तीच बांधणाऱ्यांच्या मनातली बाजू. आणि जाण्यायेण्याचा मुख्य जिना मात्र पाठीमागे, पूर्वेला. हे बाहेरूनच लक्षात घेतलं की आत गेल्यावर दिशा चुकत नाहीत.

मैदानाच्या दुसऱ्या कडेला, तुमच्या पाठीशी, १९३० च्या दशकातल्या गोल बाल्कन्यांच्या, आर्ट डेको शैलीतल्या इमारती आहेत. एका मैदानाच्या दोन कडांना दोन शतकांची मुंबई समोरासमोर उभी आहे, आणि याच जोडीसाठी जून २०१८ मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला.

आता हायकोर्टाकडे नीट बघा. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. मधोमध उंच मनोरा, त्याच्या पश्चिमेला दोन अष्टकोनी मनोरे. वर माथ्यावर दोन पुतळे आहेत, एक न्यायाचा आणि दुसरा दयेचा. हा दुसरा पुतळा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. नुसता न्याय पुरेसा नाही, शेजारी दयाही उभी हवी, असं ज्याला कुणाला वाटलं त्याचे मला नेहमी आभार मानावेसे वाटतात.

इमारतीचा आराखडा कर्नल जेम्स फुलर या लष्करी अभियंत्याचा. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. खर्च आला १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमी. सरकारी बांधकामाच्या बाबतीत हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं. हायकोर्ट स्थापन झालं ते त्याआधीच, १४ ऑगस्ट १८६२ ला. मधली सोळा वर्षं ते अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या वास्तूत भरत होतं. इथे पहिल्यांदा कोर्ट बसलं १० जानेवारी १८७९ रोजी.

गेट आणि पास

सर्वसामान्यांना कुठल्या गेटने सोडतात आणि पासची खिडकी कुठे आहे हे बंदोबस्तानुसार बदलतं, त्यामुळे दिसेल त्या पोलिसाला सरळ विचारा. "संग्रहालय बघायचंय आणि थोडा वेळ कोर्टाचं कामकाज ऐकायचंय," असं स्वच्छ सांगा. इकडचं तिकडचं कारण सांगू नका, कुणा वकिलाचं खोटं नाव तर मुळीच घेऊ नका. खरं कारण पुरेसं असतं. न्यायालयाचं कामकाज उघड्या दरवाजाने चालावं हे कायद्यातच आहे. फौजदारी खटल्यांपुरतं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये लिहिलेलं आहे. जागा असेल तोवर जनतेला बसता येतं.

अपवादही आहेत. बलात्काराचे खटले, काही कौटुंबिक प्रकरणं, मुलांशी संबंधित प्रकरणं बंद दालनात चालतात. एखाद्या दिवशी गाजलेलं प्रकरण असलं की बंदोबस्त वाढतो आणि पास देणं थांबतं. तसं झालं तर गेटवर हुज्जत घालू नका. ड्युटीवरच्या शिपायाच्या हातात काही नसतं. दुसऱ्या दिवशी या.

पास जपून ठेवा, आत कुणीही मागू शकतं.

आत आल्यावर

आधी पूर्वेकडच्या मुख्य जिन्याकडे जा. तिकडे जाणारा कमानदार छताचा मार्ग पोरबंदरच्या फिकट दगडाचा आहे. बाहेरच्या काळ्या बसाल्टनंतर हा पिवळसर उजेड डोळ्यांना एकदम जाणवतो. सकाळी साडेदहाच्या सुमाराला इथे उभं राहिलात तर काळ्या डगल्यांची रांग वर चढताना दिसते. मागोमाग फायलींचे गठ्ठे घेतलेले कारकून, आणि त्यांच्यामागे हातात कापडी पिशवी धरून दालनांचे नंबर वाचत जाणारे पक्षकार. पाचेक मिनिटं तिथे बाजूला उभे राहा. घाई करू नका.

पायऱ्या दगडी आहेत आणि पावसाळ्यात निसरड्या होतात, तेव्हा कठडा धरा. लिफ्ट आहेत, पण त्यांत न्यायमूर्तींसाठी राखीव कुठली ते पाटीवर बघूनच शिरा. अष्टकोनी मनोऱ्यांतले गोल जिने न्यायमूर्तींसाठी बांधलेले आहेत. तिकडे वळायचं नाही. कॉरिडॉरमध्ये समोरून चोपदार येताना दिसला की त्याच्यामागे न्यायमूर्ती असतात. भिंतीकडे सरकून, गप्प उभं राहून वाट द्यायची.

खांबांच्या माथ्यांकडे मान वर करून बघत चला. तिथे दगडात प्राणी कोरलेले आहेत. त्यांतली दोन शोधाच. एक माकड आहे, एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, हातात तराजू, आणि तराजूची पारडी समान नाहीत. दुसरा कोल्हा, गळ्यात वकिलांसारखा बँड बांधलेला. सांगतात ते असं की बांधकामातल्या एका पारशी कंत्राटदाराने इंग्रज माणसाविरुद्ध दावा लावला, तो हरला, आणि त्याने आपला राग दगडात कोरून ठेवला. ही ऐकीव कथा आहे, ती तशीच घ्यावी. पण ते माकड तिथे आहे, आणि त्याला दीडशे वर्षांत कुणी छिन्नी लावली नाही. मला या इमारतीबद्दल आदर वाटण्याचं ते एक कारण आहे.

कोर्टात बसायचं ते असं

दालनाच्या दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड आणि सध्या चालू असलेल्या प्रकरणाचा नंबर दाखवणारी पाटी असते. मोबाइल बंद करा. सायलेंटवर ठेवलात तरी टेबलावर थरथरतोच, म्हणून बंदच बरा.

दार हळूच उघडा, न्यायमूर्तींच्या दिशेने किंचित मान झुकवा आणि मागच्या बाकावर बसा. पुढच्या खुर्च्या वकिलांच्या. त्या रिकाम्या दिसल्या तरी बसायचं नाही. आधीच आत असाल आणि न्यायमूर्ती आले तर सगळ्यांबरोबर उभं राहायचं, ते बसले की बसायचं. पायावर पाय टाकणं, हात मानेमागे घेऊन रेलणं, कुजबुजणं, वर्तमानपत्र उघडणं, काही खाणं, यांतलं काहीही चालत नाही. फोटो, रेकॉर्डिंग तर अजिबात नाही. हे शिस्तीपुरतंही नाही. कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. कंटाळा आला किंवा निघायचं असलं तर एक प्रकरण संपून दुसरं पुकारलं जाण्याच्या मधल्या क्षणी उठा, पुन्हा मान झुकवा आणि बाहेर या. त्यात संकोच वाटायचं कारण नाही, वकील दिवसभर येत-जात असतात.

समोर काय दिसतं? उंच मंचावर एक न्यायमूर्ती असतील तर एकल पीठ, दोन असतील तर खंडपीठ. त्यांच्या खाली बसलेले शिरस्तेदार किंवा असोसिएट. प्रकरणाचा नंबर तेच पुकारतात आणि कागद वर देतात. शेजारी आदेश टिपून घेणारे लघुलेखक. वकील उभे राहून बोलतात आणि एका वेळी एकच बोलतो.

कामकाज इंग्रजीत चालतं. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाने उच्च न्यायालयाची भाषा ती ठरवली आहे. इंग्रजी चांगली येणाऱ्यालाही पहिला अर्धा तास काही कळत नाही, कारण शब्द इंग्रजी असले तरी बोली इथली आहे. चारदोन शब्द आधीच माहीत असले की बरं पडतं. 'स्टँड ओव्हर' म्हणजे प्रकरण पुढच्या तारखेवर गेलं. 'कीप बॅक' म्हणजे आत्ता बाजूला ठेवा, आजच थोड्या वेळाने घेऊ. 'मेन्शन' करणं म्हणजे बोर्डावर नसलेल्या प्रकरणाची तातडी उभं राहून सांगणं, आणि त्यासाठी जी लेखी चिठ्ठी द्यावी लागते ती 'प्रेसिपी'. 'स्पीकिंग टू द मिनिट्स' हा तर खास मुंबईचा शब्द: दिलेल्या आदेशात नाव, तारीख, आकडा असं काही चुकलं असेल तर ते दुरुस्त करून घेणं. 'रूल' म्हणजे याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतली. 'ॲड-इंटरिम' म्हणजे अंतरिम आदेशाच्याही आधीचा, तेवढ्यापुरता दिलासा.

एक दुपार मला कायमची लक्षात राहिली आहे. मागच्या बाकावर माझ्या शेजारी सांगलीकडचे एक आजोबा बसले होते. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा. त्यांचा नंबर पुकारला तेव्हा ते उभे राहिले, हात जोडले. वकील दोन वाक्यं बोलले, समोरचे वकील एक वाक्य बोलले, वरून "स्टँड ओव्हर, फोर वीक्स" आलं आणि पुढचा नंबर पुकारला गेला. आजोबा अजून हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी वकिलांना विचारलं, "काय झालं साहेब?" "पुढची तारीख पडली, काका." "बरं," म्हणाले आणि पिशवी काखेत घालून जिन्याकडे निघाले. तेवढ्यासाठी ते रात्रभर प्रवास करून आले होते.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं पीठ, बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथे ऐकली जातात. त्यासाठी वकिलांनी, पक्षकारांनी कित्येक वर्षं आंदोलन का केलं, हे मला त्या दुपारी कुणी न सांगता कळलं होतं. तुम्हीही मागच्या बाकावरून न्यायमूर्ती आणि वकिलांइतकंच शेजारी बसलेल्या माणसांकडे बघा.

दुसऱ्या मजल्यावर, ४६ नंबर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ४६ क्रमांकाचं दालन म्हणजे सेंट्रल कोर्ट. छत गडद सागवानाचं, नक्षीच्या चौकटींचं, आणि प्रेक्षकांसाठी वर सज्जा. २२ जुलै १९०८ च्या रात्री याच दालनात लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

आत जाण्याआधी ही हकीकत माहीत असलेली बरी. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरला तेव्हा जामिनासाठी हायकोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले होते बॅरिस्टर दिनशा दावर, आणि जामीन दिला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. अकरा वर्षांनी मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटावरच्या 'केसरी'तल्या लेखांबद्दल टिळक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आले, तेव्हा न्यायासनावर होते तेच दावर. या वेळी जामिनासाठी तरुण बॅरिस्टर महंमद अली जिनांनी अर्ज केला. तो दावरांनी नाकारला. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि त्यांचं भाषण एकवीस तासांहून जास्त चाललं. नऊ जणांच्या ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला, दोषी. काही सांगायचं आहे का असं विचारल्यावर टिळक उठले आणि म्हणाले की ज्युरीचा निर्णय काहीही असो, मी निर्दोष आहे. माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य चालवणाऱ्या शक्ती याहून वरच्या आहेत, आणि माझ्या सुटकेपेक्षा माझ्या यातनांनीच माझं कार्य पुढे जावं अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल.

मूळ शब्द इंग्रजीत आहेत आणि ते दालनाबाहेर संगमरवरी फलकावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते तो फलक लागला. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर घेतले. फलकापुढे उभं राहून ते सावकाश, ओठ हलवत वाचा. मग मागे वळून कॉरिडॉरच्या कमानींतून खाली बघा. शिक्षेची बातमी फुटल्यावर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस असा.

दालनात कामकाज चालू असेल तर वर सांगितल्याप्रमाणे शांतपणे मागे बसा. बंद असेल तर दाराशी बसलेल्या शिपायाला विनंती करून बघा, "दादा, फक्त दारातून बघू का?" बहुतेक वेळा हो म्हणतात.

तळमजल्यावरचं संग्रहालय

१७ नंबरच्या खोलीत हे छोटं संग्रहालय आहे, फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेलं. गांधीजींची आणि जिनांची बॅरिस्टरीची प्रमाणपत्रं इथे आहेत. एकाच व्यवसायाचे, एकाच कोर्टाच्या वहीत नाव नोंदवलेले दोन जण. शिवाय जुन्या वस्तू, कागदपत्रं, छायाचित्रं. अर्धा तास पुरतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९३ ते १९०१ या कोर्टात बसत होते आणि डॉ. आंबेडकरांनी १९२३ पासून इथे वकिली केली, हे मनात ठेवून बघितलंत तर जुन्या फोटोंतले कॉरिडॉर वेगळे दिसतात. न्यायासनावर पहिली स्त्री यायला मात्र १९७८ साल उजाडावं लागलं. त्या सुजाता मनोहर. पुढे १९९४ मध्ये त्या याच कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या.

फोटोंबद्दल

आवारात फोटो काढायची परवानगी नाही. अगदी जिन्याचा, माकडाचा, फलकाचासुद्धा नाही. सगळे फोटो मैदानातून काढा, तेही दुपारी चारनंतर. दर्शनी बाजू पश्चिमेची असल्यामुळे सकाळी ती सावलीत असते, आणि उतरत्या उन्हात तोच काळा दगड तांबूस होतो. पूर्वेच्या रस्त्यावरून निघालात तर रस्त्याच्या नावाची पाटी वाचा: डॉ. काणे रोड. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे याच कोर्टात वकिली करत होते.

ही भेट आवडली तर

नागपूरच्या खंडपीठाची इमारत आवर्जून बघा. हेन्री मेड यांनी आखलेली, घुमटाची, मुंबईपेक्षा सर्वस्वी वेगळी. पाषाणातलं काव्य म्हणून ती ओळखली जाते. पण त्याहीआधी आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात एक सकाळ काढा. तिथे कामकाज मराठीत चालतं. साक्षीदाराला शपथ देतात ती मराठीत, उलटतपासणी मराठीत, आणि "खोटं सांगताय, असं माझं म्हणणं आहे" हे वकिलाचं वाक्यही मराठीत. जाताना ओळखपत्र न्या आणि मोबाइल बंद ठेवा.